कमरेवरचा हंडा

परवा शाळा सकाळची झाली. सात वाजता घंटा, साडेअकराला सुट्टी. फळ्याच्या कोपऱ्यात नवी वेळ लिहिली आणि खडू तसाच हातात धरून मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. खालच्या शेतांमधून धूर उठत होता. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची असते, त्यासाठी पालापाचोळा पेटवलेला. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता आणि त्याचा गोडसर, आंबूस वास वर्गात येत होता. पायवाटेवरून बायका ओढ्याकडे निघाल्या होत्या. रिकामे हंडे एकमेकांना लागून वाजत होते. परत येताना ते वाजत नाहीत. भरलेल्या हंड्यांची रांग चढ चढते तेव्हा नुसते श्वास ऐकू येतात.

तो उन्हाळाही असाच होता. त्याला आता चार वर्षं झाली. मधले उन्हाळे ह्याच वासाचे, ह्याच धुराचे गेले. पण मला उन्हाळा म्हटलं की तोच आठवतो, आणि त्यात जानकी आठवते.

मी जव्हारची. त्या वर्षी होळीच्या थोडं आधी मी पोशेऱ्याच्या पुढच्या ह्या पाड्यावर शिक्षिका म्हणून आले. आमचे हे जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. बदली मीच मागून घेतली. जव्हारच्या घरी लोक भेटायला यायचे, चहा घ्यायचे, धीर द्यायचे आणि जाताना दारातल्या ह्यांच्या चपलांकडे बघायचे. मुलगी नाशिकला नोकरीत. ती म्हणत होती, माझ्याकडे ये. मला कुणाकडेच जायचं नव्हतं. जिथल्या भिंती त्यांना ओळखत नाहीत अशा ठिकाणी जायचं होतं. इथं पाड्याच्या वरच्या अंगाला शाळा आणि शाळेला लागून एक खोली मिळाली. तिथून खाली पंचवीस-तीस घरं दिसायची, त्यापलीकडे डोंगर, आणि डोंगरामागे पुन्हा डोंगर.

झोप लागत नव्हती असं नाही. उठवत नव्हतं. डोळे उघडायचे, कौलांच्या फटीतून उजेड यायचा, खाली कोंबडे ओरडायचे, आणि मी अंथरुणात पडून राहायची. पाय जमिनीला लावणं एवढंच काम, पण ते रोज डोंगराएवढं वाटायचं. एकदा तर पोरांनीच घंटा दिली आणि प्रार्थना म्हटली. मी आतून ऐकत होते.

ह्यांना खेळांचं वेड होतं. स्वतः कधी धावले नाहीत. सरकारी कचेरीत कारकुनी केली, बसून बसून पोट सुटलेलं. पण कुठल्या देशात कुठली शर्यत चालू आहे, हे त्यांना पाठ असायचं. त्यांच्या मोबाईलवर खेळ दाखवणारं एक ॲप होतं. ते गेल्यावरही संध्याकाळी मोबाईल वाजायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची, 'तुमचा आवडता खेळ थोड्याच वेळात.' मोबाईलला कुठलं ठाऊक, ते आता नाहीत म्हणून. तो बंद करणं मला कधी जमलं नाही. पाड्यावर आल्यावर एका संध्याकाळी असाच वाजला. रेंज फक्त माझ्या खिडकीत यायची. मी मोबाईल गजांना टेकवून उभा केला आणि पहिल्यांदाच एकटीनं खेळ बघायला बसले.

वजन उचलण्याची स्पर्धा होती. बायकांची. एक लांब वेणीची मुलगी आली, कुठल्यातरी दूरच्या देशातली. तिचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. हातांना पांढरी भुकटी लावून ती त्या लोखंडी दांड्यासमोर उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. घाई नाही, आरडाओरडा नाही. मग वाकली, दांडा धरला, पुन्हा थांबली. ते थांबणं मला ओळखीचं वाटलं. मीही रोज सकाळी तशीच थांबत होते. फरक एवढाच, की ती मग उचलत होती.

पहिल्या वेळी तिला जमलं नाही. दुसऱ्या वेळी नाही. समालोचक म्हणाला, प्रत्येकीला तीनच वेळा संधी असते. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा चेहरा पहिल्यासारखाच होता. उचललं तिनं. हात ताठ, गुडघे थरथरत, डोळे कुठंतरी लांब. मी एकटी खोलीत बसून रडले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मोकळं रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडल्यावर मी स्वतःशी म्हटलं, पहिला प्रयत्न. उठता आलं नाही. दुसरा. बसले आणि परत आडवी झाले. तिसऱ्याला पाय जमिनीला लागले. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण माझा तो उन्हाळा अशानंच सरकला. रोज संध्याकाळी कुणीतरी धावताना, उडी मारताना, पोहताना बघायचं आणि त्यातलं चिमूटभर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायचं. आंघोळीला, केसांवरून कंगवा फिरवायला, भाजी फोडणीला टाकायला मला जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंची मदत लागत होती.

होळी झाली आणि शाळेची टाकी आटली. पाड्याची विहीर त्याआधीच तळाला गेली होती. बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा करून झिरपणारं पाणी वाटीनं भरत. एक हंडा भरायला अर्धा तास, मग वर चढायचं. मी अजून विचारच करत होते, की आपलं कसं होणार. तोवर एका सकाळी खोलीच्या दाराशी भरलेला हंडा दिसला. शेजारी एक बाई चुंबळ हातात घेऊन उभी.

"बाई, तुझा हंडा आत घे. रिकामा मला दे."

ती जानकी. पाड्यावर सगळे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, मग समोर तलाठी असो नाहीतर सासरा. पहिले दोन दिवस मला ते कानाला लागलं. नंतर तसं बोलणारं माणूस आपलं वाटायला लागलं. जव्हारला मला अहो-जाहो करणारे खूप होते.

जानकी बत्तीस वर्षांची असेल. उंच, सडपातळ, मानेच्या शिरा ताणलेल्या. त्यांच्या घराला स्वतःची जमीन नव्हती. नवरा लहू भिवंडीकडे वीटभट्टीवर असायचा. दरवर्षी तीही जायची. त्या वर्षी दोन्ही मुलांची शाळा बुडू नये म्हणून ती म्हाताऱ्या सासूपाशी मागे राहिली होती. मिळेल त्याच्या शेतात मजुरीला जायची. आणि पाणी आणावं तर जानकीनंच, असं पाड्यावर सगळ्या म्हणायच्या. डोक्यावर मोठा हंडा, हंड्यावर कळशी, एवढं घेऊन ती चढ चढायची तेव्हा कळशीतला थेंब सांडायचा नाही. माझ्यासाठी तिनं त्यात तिसरं भांडं वाढवलं. माझा हंडा ती कमरेवर घ्यायची.

"मी काय देऊ तुला?" मी विचारलं होतं.

"पोरांना शिकवतीस ना. पाण्याचं काय घ्यायचं?"

चहा मात्र घ्यायची. संध्याकाळी मोबाईल चार्ज करायला यायची, कारण तिच्या घरचं मीटर बंद पडलेलं होतं. असंच एकदा मी खेळ बघत असताना ती आली आणि दारातच खाली बसली. तीच लांब वेणीची मुलगी होती, दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत.

जानकी बघत होती. मग म्हणाली, "बाई, ही किती लांब नेते?"

"नेत नाही कुठं. उचलायचं, डोक्यावर धरायचं. झालं."

"नेत नाय?" तिला ते खरंच वाटेना. "मंग उचलते कशापायी?"

मी म्हटलं, "किती उचलता येतं ते बघायला."

ती हसली. जानकीचं हसणं आवाजाचं नव्हतं, खांदे हलायचे फक्त. पण तिचे डोळे पडद्यावरच होते. ती मुलगी कमरेला रुंद कातडी पट्टा आवळत होती.

"त्यो पट्टा कशाला?"

"पोटाला आधार. एवढं वजन उचलताना आतलं सगळं जागेवर राहावं म्हणून."

जानकीचे खांदे हलायचे थांबले. "असा पट्टा मिळतो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मोठ्या शहरात मिळत असेल. ती अजून काही विचारेल असं वाटलं, पण तिनं चहा संपवला, कप विसळला आणि मोबाईल घेऊन गेली.

दोन-तीन दिवसांनी हंडा उतरवताना तिच्या पोटावर जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळलेली पट्टी दिसली. मला किती बरं वाटलं ते आज सांगायचीही लाज वाटते. मला वाटलं, आपण दाखवलेलं हिनं उचललं. मी म्हटलं, "वा, जानकी, पट्टा बांधलास." ती म्हणाली, "व्हय. त्या पोरीसारखा."

मग ती रोज येऊ लागली. धावणाऱ्या तिला आवडायच्या नाहीत. म्हणायची, ह्यांच्यामागं वाघ लागल्यासारखं करतात. तिला फक्त वजनवाल्या. त्यांचा श्वास तिला कळायचा. "आता घेतला बघ," ती आधीच सांगायची, आणि ती मुलगी खरंच पोटात श्वास भरून वाकायची. तीन प्रयत्नांचं तर तिनं पार ओढ्यापर्यंत नेलं. कुणाचा हंडा डोक्यावर चढेना की बायका म्हणत, पहिला गेला, अजून दोन हाईत. मी वर्गातही सांगायला लागले. पाढा चुकला की पोरं आपणहून म्हणायची, बाई, दुसरा प्रयत्न.

त्या चैत्रात मी हळूहळू माणसात आले. सकाळी उठायला आता दुसराच प्रयत्न पुरायचा, कधी पहिलाच. जव्हारहून आणलेली ह्यांच्या कपड्यांची पिशवी मी तेव्हा उघडली आणि सगळे सदरे धुतले. धुवायला पाणी जास्त लागलं. जानकीनं त्या दिवशी दोन खेपा जास्त केल्या. खोलीमागे दोरीवर ते सदरे वाऱ्यात फुगले होते आणि ती खाली बसून त्यांच्याकडे बघत होती.

"मोठा होता का गं तुझा माणूस?"

"पोट मोठं होतं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. ते गेल्यानंतर त्यांच्यावरून मी हसले ती पहिलीच वेळ.

एका रविवारी मी ओढ्यावर गेले. पाणी आणायला नव्हे. जानकीचा व्हिडिओ काढायला. खड्ड्याभोवती आठ-दहा बायका बसल्या होत्या. कुणी वाटीनं पाणी भरत होती, कुणी करवंदं खात आपल्या पाळीची वाट बघत होती. जानकीनं चुंबळ ठेवली, दोघींनी मिळून हंडा चढवला, वर कळशी. मग ती गुडघ्यात वाकली आणि माझा हंडा कमरेवर घेतला. क्षणभर तिचे डोळे मिटले. मला वाटलं, त्या मुलीसारखीच मनातून तयारी करते आहे. मी टाळ्या वाजवल्या. बायकांनीही वाजवल्या. तो व्हिडिओ मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या पाड्याची विजेती.' संध्याकाळपर्यंत किती अंगठे आले, किती हात जोडलेले. मी ते सगळे जानकीला दाखवले. ती एकेका अंगठ्यावर बोट ठेवत राहिली.

परीक्षा संपल्या. निकालाच्या कामासाठी मी खोलीतच होते. वैशाख लागला होता. दुपारी शाळेवरचे पत्रे तडतड वाजायचे. त्या दिवशी जानकी नेहमीपेक्षा खूप उशिरा आली. हंडा दाराशी न ठेवता पायरीवरच टेकवला, आणि स्वतः भिंतीला धरून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी दिलं, तिच्याच हंड्यातलं. ते ती प्यायली नाही, तिनं ते तोंडावर मारलं.

"काय होतंय?"

ती खाली बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, माझं अंग भायेर येतं."

मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"कधीपासून?"

"धाकट्याच्या बाळंतपणापासून. तवा थोडं होतं. पाचव्या दिवशी भट्टीवर विटा उचलायला लागले ना."

धाकटा माझ्या वर्गात पहिलीत होता. म्हणजे सहा वर्षं.

"आणि ती पट्टी?"

"दाबून धरायला. त्या पोरीच्या पट्ट्यावरनं सुचलं. बांधला की बरं वाटायचं. आता नाय राहात."

"जानकी, मला सांगायचंस ना. निदान माझा हंडा तरी नसता आणलास."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तशी म्हणाली, "तुला बरं वाटत होतं ना माझ्याकडं बघून."

ह्या वाक्यापुढे मी आजपर्यंत जाऊ शकलेले नाही. खेळाडूंकडून बळ घेतलं, असं मी इतके दिवस समजत होते. ती मुलगी लांब कुठंतरी, तिचं वजन तिनं स्वतः निवडलेलं. तिच्याकडून मी घेतलं ते फुकट होतं. पण माझ्या दाराशी रोज जे येत होतं, ते कुणाच्या अंगातून येत होतं? मी रडायची, उठायची, सदरे धुवायची, बरी होत जायची. आणि त्या सगळ्याला लागणारं पाणी एक बाई पोट आवळून चढावर आणत होती. मी तिचं थांबणं बघितलं, श्वास बघितला, मिटलेले डोळे बघितले. सगळं बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तिथून चिठ्ठी घेऊन जव्हारला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि मला बाजूला घेतलं. अंगात रक्त फार कमी होतं. आधी ते भरून काढायला हवं होतं. दोन आठवड्यांनी गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली. लहू भट्टीवरून आला, कागदावर अंगठा दिला आणि व्हरांड्यात उकिडवा बसून राहिला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोरच जानकीला सांगितलं, "सहा महिने काही उचलायचं नाही. आणि खरं सांगू का, ह्यापुढे जड कधीच नाही. हंडा नाही, वीट नाही, लाकडाचा भारा नाही."

लहूनं विचारलं, "मंग ही करंल काय?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

जव्हारचं माझं घर मी उघडलं आणि जानकीला आठ दिवस तिथं ठेवून घेतलं. पलंगावर झोपायला तिला संकोच वाटायचा. नळाला पाणी यायचं तेव्हा ती उठून मोरीच्या दारात येऊन उभी राहायची आणि बादली भरताना बघायची. एका संध्याकाळी मोबाईल वाजला. मी तो उलटा ठेवला. तीच म्हणाली, "लाव ना. ती पोरगी असंल."

ती होती. पण त्या दिवशी तिच्या खांद्याला चिकटपट्ट्या होत्या. पहिल्यांदा दांडा मागे पडला. दुसऱ्यांदा छातीपर्यंतच आला. तिसऱ्यांदा तिचा कोपर असा वळला की मी मान फिरवली. तिला दोघांनी धरून नेलं. एकही वजन तिच्या नावावर लागलं नाही, समालोचक सांगत होता.

जानकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दवाखान्यात ती एकदाही रडली नव्हती.

"रडू नको. बरी होईल ती," मी म्हटलं. "परत येईल."

"बाई, तिला उचलू नको म्हणणारं कुणीच नव्हतं का गं?"

मी मोबाईल बंद केला. आत जाऊन भात लावला.

पाऊस आला. पाड्यावर आवणी सुरू झाली. सगळ्या बायका गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या, आणि जानकी ओसरीत बसून नागली निवडत होती. मजुरीला जाता येत नव्हतं. लाकडं, पाणी, शेणाची पाटी, ह्यातलं काही तिच्या हातात कुणी देत नव्हतं. सासू भली होती. वाकलेली, दम्यानं बेजार, तरी एक कळशी ती स्वतः आणायला लागली. ते बघणं जानकीला सोसायचं नाही. ओढ्याच्या वाटेवर ज्या गप्पा व्हायच्या, कुणाची सोयरीक, कुणाची म्हैस, त्या तिच्यापर्यंत पोचेनाशा झाल्या. पाणी न आणणाऱ्या बाईला पाड्याच्या बातम्या कोण सांगणार? एकदा मी तिच्याकडे बसले असताना ती म्हणाली, "आधी मी ओझं उचलायची. आता मीच ओझं झाले." आणि तिचे खांदे हलले. ती हसते आहे असं मला आधी वाटलं.

दिवाळीनंतर लहू भट्टीवर निघाला. भट्टीवर जोडी लागते, नवरा-बायको दोघं. तो आपल्या भावाबरोबर गेला, आणि जाण्याआधी जानकीला जामसरला तिच्या भावाकडे ठेवायचं ठरलं. भावाच्या दाराजवळ हातपंप होता. "थोडे दिस," लहू म्हणाला. मुलं आईबरोबर जाणार होती. त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले मीच लिहिले. शाळा सोडण्याचं कारण, ह्या रकान्यापाशी पेन अडलं. बराच वेळ विचार करून मी लिहिलं, 'पालकांचे स्थलांतर.' एवढंच लिहिता येतं तिथं.

त्या सकाळी पाड्याच्या सगळ्या बायका रस्त्यापर्यंत तिला पोचवायला उतरल्या. जीप उभी होती. जानकीनं प्रत्येकीच्या गालावरून हात फिरवला. मला म्हणाली, "खेळ बघत जा गं. नायतर पडून राहशील." जीप वळणावर गेली तरी आम्ही उभ्या होतो. मग सासूनं पदर सावरला आणि चढायला लागली, तिच्यामागे आम्ही.

आता मी माझं पाणी स्वतः आणते. एक हंडा, आणि वर म्हातारीची कळशी. सुरुवातीला रोज सांडायचं. पाठ भिजायची. बायका हसायच्या, मग चुंबळ कशी वळायची, मान कुठं ठेवायची, हे सांगायच्या. पहिल्या महिन्यात मानेचं दुखणं असं होतं की फळ्यावर लिहिताना हात वर होईना. पन्नाशीला टेकलेल्या बाईला ह्याहून जास्त जमणार नाही, हे मला कळलं आहे. कोरड्या पात्रात वाटीनं पाणी भरत बसले की खड्ड्यात माझाच चेहरा हलत असतो, आणि अर्धा तास करायला काही नसतं. तेव्हा मला समजतं की जानकी रोज किती वेळ असा माझ्यासाठी बसून काढत होती. गेल्या वर्षी टँकर यायला लागला. तो कधी येतो, कधी नाही.

खेळ मी अजून बघते. बघू नये असं ठरवूनही बघितलं. कुणी शेवटच्या वळणावर सगळं पणाला लावून धावतं तेव्हा माझ्या छातीत अजूनही काहीतरी उभं राहतं, आणि दुसरी सकाळ त्यावर निभते. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण आता माझी नजर पदकावर थांबत नाही. स्पर्धा संपल्यावर खेळाडू कसा चालतो, कोणता पाय ओढतो, कुणाच्या खांद्याला धरतो, तिकडे जाते. आणि वर्गात कुणी दमलेलं दिसलं, तर त्याला 'दुसरा प्रयत्न' म्हणायच्या आधी मी विचारते, काय दुखतंय का?

गेल्या रविवारी जामसरला गेले. मधल्या वर्षांत दोनदा-तीनदा गेले होते, पण दर वेळी घाईत. जानकी थोडी भरली आहे. केसांत पांढरे आले. भावजय प्रेमानं वागते. ती पंपावर पाणी भरत होती आणि जानकी अंगणात चिंचा फोडत बसली होती. थोरली मुलगी आता आश्रमशाळेत आठवीत आहे. लहू उन्हाळ्याला येतो, पंधरा दिवस राहतो, जातो. थोड्या दिवसांचं ते राहणं असंच चालू आहे, त्याबद्दल दोघांपैकी कुणी बोलत नाही.

मी तिच्याबरोबर चिंचा फोडायला बसले. बोटं चिकट झाली. सासू कशी आहे, मोह किती पडला, शाळेत आता किती पोरं, सगळं विचारून झालं. मग तिनं चिंचोका बाजूला टाकला आणि म्हणाली, "त्या पोरीचं काय झालं गं?"

मला माहीत होतं. त्या दुखापतीनंतर ती कुठंच दिसली नव्हती, आणि त्या आठवड्यात परत आली होती. मी हात पुसून मोबाईल काढला आणि आदल्या दिवशीची स्पर्धा लावली. आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत सरकलो, ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून.

ती आली. वेणी कापलेली होती. चेहरा थोडा वयस्क झालेला. भुकटी लावून दांड्यासमोर उभी राहिली आणि पूर्वीसारखीच थांबली. जानकीनं माझं मनगट धरलं. मुलीनं श्वास भरला, वाकली, आणि एका झटक्यात ते लोखंड डोक्यावर गेलं. हात ताठ झाले, गुडघे थरथरत सरळ झाले. स्टेडियममधले लोक उठून उभे राहिले, शिट्ट्या, टाळ्या, कुणी झेंडा हलवत होतं. पंचांचा इशारा होईपर्यंत धरून ठेवायचं असतं. ती धरून उभी होती.

जानकी पुढे झुकली. तिचं तोंड पडद्याच्या इतकं जवळ गेलं की काच धुरकटली.

"ठेव आता," ती कुजबुजत होती. "ठेव, बाय. खाली ठेव."